मालकीच्या जमिनीतला ओढा

मालकीच्या जमिनीतून ओढा वाहत असेल, तर बांधकामाआधी दोन गोष्टींचा निकाल लावावा लागतो: जमीन कोणाची आणि पाण्याची वाट कोणाची. जमिनीचे उत्तर सातबाऱ्यावर किंवा मिळकतपत्रिकेवर मिळते. वाटेचे उत्तर मात्र एका कागदावर कधीच मिळत नाही. ते महसूल खात्याच्या नकाशात, महापालिकेच्या विकास आराखड्यात, जलसंपदा विभागाच्या पूररेषेत आणि बरेचसे प्रत्यक्ष जागेवर विखुरलेले असते. परवानगी काढण्याचे निम्म्याहून अधिक काम म्हणजे हे तुकडे एकमेकांशी जुळवणे. शिक्के त्यानंतरचे, आणि तुलनेने सोपे.

हा विषय समजून घ्यायला पुण्यातले कर्वेनगर सोयीचे आहे. मुठेच्या डाव्या तीरावरचे हे पूर्वीचे हिंगणे बुद्रुक. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपली संस्था इथल्या माळावर आणली, तेव्हा पुण्याहून इथवर पायी यावे लागे. कोथरूडकडच्या टेकड्यांवरून जमीन नदीकडे उतरत येते, म्हणून पावसाचे पाणीही त्याच उताराने ओढ्या-ओहोळांतून खाली धावते. या उताराला आडवा खडकवासल्याचा डावा मुठा कालवा गेलेला आहे. शेती होती तोवर ओढा हा दोन शेतांमधला बांध होता. प्लॉट पडले, सोसायट्या आल्या आणि बांधाच्या जागी सीमाभिंत आली. आता त्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. तीन मजल्यांच्या जागी दहा-बारा मजले उभे राहायचे, तळघरात गाड्या लागायच्या, आणि चाळीस वर्षांपूर्वी कोणी फारसे लक्ष न दिलेला ओढा नकाशावर पुन्हा काढावा लागतो.

मालकीचा कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, ओढे, नाले, तळी आणि वाहते-साचलेले सगळे पाणी ही राज्य सरकारची मालमत्ता असते. अपवाद फक्त कोणाचा हक्क सिद्ध झाला असेल तेवढ्यापुरता. गावनकाशावर ओढा दोन सर्व्हे नंबरांच्या मधून स्वतंत्र पट्टी म्हणून दाखवलेला असेल, तर ती पट्टी कोणाच्याच सातबाऱ्यात येत नाही. विकत घेणाऱ्याला ती विकलीही गेलेली नसते. पण छोटे ओहोळ बहुधा सर्व्हे नंबरच्या पोटातच असतात. अशा वेळी सातबाऱ्यावरची ‘पोटखराब’ ही ओळ नीट वाचावी लागते. पोटखराबाचे दोन वर्ग आहेत. ‘अ’ म्हणजे खडक, चर अशी लागवडीला नालायक जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, मान्य पायवाट, किंवा मालकाखेरीज इतर लोक शेतीला, पिण्याला वा घरकामाला ज्याचे पाणी वापरतात असा ओढा-तलाव यांखालची जमीन. सातबाऱ्यावर ‘ब’ वर्गात दोन गुंठे दिसले, तर ते कशाचे आहेत हे तलाठ्याकडे आणि भूमी अभिलेख कार्यालयातल्या जुन्या टिपणांत शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. या ओळीकडे दुर्लक्ष करून केलेले खरेदीखत पुढे वकिलांच्या कामी येते.

मालकीच्या पलीकडे शेजाऱ्याचा हक्क उभा असतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ खालच्या उदाहरणांत तो साध्या शब्दांत आला आहे. ठरलेल्या पात्रातून वाहणारा नैसर्गिक प्रवाह आपल्या हद्दीत न अडवता, फारसा न बदलता येऊ द्यावा, हा प्रत्येक जमीनमालकाचा हक्क. वरच्या जमिनीवर पडलेले, पात्र नसलेले पाणीसुद्धा खालच्या जमिनीने नैसर्गिकपणे वाहू द्यायचे असते. म्हणजे ओढ्याची जमीन संपूर्ण मालकाची असली, तरी भिंत घालून पाणी वरच्या सोसायटीत तुंबवायची मुभा त्याला नाही आणि पाइपात कोंडून ते दुप्पट वेगाने खालच्या बंगल्यावर सोडायचीही नाही.

आता वाटेकडे वळू. पुण्यात वर्षातले आठ महिने कोरडा असणारा ओहोळ ‘ओढा’ धरायचा का, हा वाद प्रत्येक प्रकरणात निघतो. पाणी (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ ने तो केव्हाच मिटवला आहे. या कायद्याच्या व्याख्येत नदी, वाहता किंवा तूर्त कोरडा असलेला जलमार्ग, नैसर्गिक वा कृत्रिम जलसाठा आणि भूमिगत पाणी असे सगळे ‘प्रवाहा’त येते. अमेरिकेत याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सॅकेट प्रकरणात उलट कल दिला. केंद्रीय कायद्याचे संरक्षण त्यांनी बऱ्यापैकी कायम वाहणाऱ्या पाण्यापुरते आखडले. आपल्याकडचा कोरडा ओढा कायद्याने अजून ओढाच आहे. मात्र २०१७ च्या पाणथळ नियमांचा आधार त्याला मिळत नाही, कारण त्या नियमांतून नदीपात्रे वगळलेली आहेत.

कागदावरची वाट तीन ठिकाणी तपासायची असते: गावनकाशा किंवा गटबुक, महापालिकेचा मंजूर विकास आराखडा आणि भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी. तिन्ही क्वचितच जुळतात. आराखड्यात नाला सरळ रेघेने दाखवलेला असतो, मोजणीत तो वळणे घेतो, आणि जागेवर शेजाऱ्याने टाकलेल्या भरावाने आणखी सरकलेला असतो. म्हणून चांगला आर्किटेक्ट मोजणीच्या जोडीला समपातळी रेषांचा नकाशा काढून घेतो. ओढ्याचा काठ नेमका कुठे धरायचा, हे ठरवण्याची एक जुनी पद्धत आहे. पावसाळा ओसरल्यावर ओढ्याकाठी उभे राहायचे आणि बाभळीच्या, घाणेरीच्या फांद्यांत अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांची उंची मोजायची. पाणी तिथपर्यंत आले होते. सीमाभिंतीवरचा गाळाचा पट्टा, पुलाच्या कठड्यात रुतलेला काडीकचरा, जुन्या रहिवाशांनी दाखवलेली जिन्याची पायरी हेही तेच सांगतात. सर्वेक्षकाने या खुणांची पातळी नकाशावर नोंदली, तर पुढचे बरेच वाद टळतात. मे महिन्यात केलेल्या मोजणीत मात्र यातले काहीच सापडत नाही.

नदीजवळच्या जमिनींना याखेरीज पूररेषा लागू होतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर किंवा पात्राच्या वहनक्षमतेच्या दीडपट विसर्ग, यांतला जो मोठा असेल त्याची पातळी. लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६०,००० क्युसेकची आणि लाल रेषा १,००,००० क्युसेकची धरली जाते. रेषा आखण्याचे आणि त्यांची खातरजमा करून देण्याचे काम जलसंपदा विभागाचे. डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार काठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा आहे. तिथे वाहनतळ, उघडी भाजी मंडई, बाग, स्मशानभूमी, सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, जलवाहिन्या असलेच उपयोग चालतात. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात इमारत बांधता येते, पण जोते लाल रेषेच्या पातळीहून किमान ०.४५ मीटर वर हवे. दोन वितींची उंची पहिल्या मजल्याला वाचवते, तळघराला नाही.

या आकड्यांवर किती विसंबायचे, हे समोरच्या तीराने दाखवले आहे. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून साधारण ३५,००० क्युसेक पाणी सोडले गेले, म्हणजे निळ्या रेषेच्या आकड्याहून बरेच कमी. तरीही सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घराघरांत पाणी शिरले. पात्र भरावाने आकसले की रेषा नकाशावर जिथल्या तिथे राहतात आणि पाणी मात्र त्या ओलांडते. रेषा आखली तेव्हाचे पात्र आज तेवढेच रुंद आहे का, हा प्रश्न कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात विचारलेला नसतो. घर घेणाऱ्याने तो विचारावा.

नाल्याला पूररेषा नसली, तरी नियमावलीने नदीच्या आणि नाल्याच्या काठापासून बांधकाम किती दूर ठेवायचे याची वेगवेगळी अंतरे दिली आहेत. एक सवलतही आहे. छोटा जलमार्ग सखल जमिनीतून जात असेल आणि त्याला ठळक काठ नसतील, तर तो बांधून घेण्याची किंवा त्याला दिशा देण्याची परवानगी महापालिका देऊ शकते. मात्र मार्ग आणि छेद महापालिका ठरवील तोच. नाला वळवण्याच्या जवळजवळ सगळ्या प्रस्तावांचा जीव या वाक्यात असतो, आणि त्यातल्या ‘ठळक काठ नसतील’ या अटीचा विसरही इथेच पडतो. पुण्याला नाले वळवण्याची जुनी सवय आहे. अठराव्या शतकात नानासाहेब पेशव्यांनी आंबील ओढ्याचा प्रवाह वळवला, तेव्हा ना-हरकत दाखला मागणारे कोणी नव्हते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याच ओढ्याला पूर आला. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली.

ओढ्यावरची कामे साधारण तीन जातींची असतात. ओलांडायला मोरी किंवा छोटा पूल बांधणे, काठाला संरक्षक भिंत घालणे आणि प्रवाह वळवणे किंवा झाकणे. यांतले झाकणे मालकांना सर्वांत आवडते, कारण वर गाड्या लावता येतात. अभियंत्यांना ते सर्वांत नकोसे असते. स्लॅबखाली काय तुंबले आहे ते दिसत नाही आणि साफ करायला माणूस उतरवावा लागतो. तिन्ही कामांच्या अर्जाला जलविज्ञानाची आकडेमोड जोडावी लागते. ती वाटते तितकी गूढ नाही.

समजा, ओढ्याचे पाणलोट क्षेत्र ४० हेक्टर आहे आणि हिशेबासाठी ताशी ६० मिलिमीटरची सर धरली. पाणी किती येईल, याचे सोपे सूत्र असे: वाहून जाणाऱ्या पाण्याचा अंश गुणिले पावसाचा वेग गुणिले क्षेत्र, भागिले ३६०. टेकडी उघडी, गवताळ असताना पडलेल्या पाण्यापैकी ०.३ अंश वाहून येतो असे मानले, तर विसर्ग सेकंदाला २ घनमीटर निघतो. तीच जमीन काँक्रीट, डांबर आणि पत्र्यांखाली गेली की अंश ०.८ होतो आणि विसर्ग ५.३ घनमीटर. पाऊस तोच, ओढाही तोच. आता ९०० मिलिमीटर व्यासाचा पाइप सेकंदाला अडीच मीटर वेगाने भरून वाहिला, तर सुमारे १.६ घनमीटर पाणी नेतो. पूर्वी दोन पाइपांत काम भागत होते, आता चार लागतात. त्या चारांपैकी एक गादी किंवा थर्माकोल अडकून बंद झाला, तर उरलेले तीन ४.८ घनमीटरच नेतात आणि बाकीचे पाणी सोसायटीच्या फाटकातून आत येते. दोन मीटर रुंद, दीड मीटर उंच अशी एकच चौकोनी मोरी त्याच वेगाला साडेसात घनमीटर नेते आणि तिच्यात गादीही सहज अडकत नाही. जागेवर पाइप का दिसतात? पाइप स्वस्त असतात आणि रात्रीत टाकता येतात.

आकडेमोड तयार झाली की प्रकरण महापालिकेच्या बांधकाम विभागात दाखल होते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये ‘विकास’ या शब्दाची व्याख्या मोठी आहे. इमारत बांधणे तर तीत येतेच, पण जमिनीवर, जमिनीखाली वा जमिनीच्या वर केलेले अभियांत्रिकी कामही येते. म्हणून इमारत न बांधता नुसती नाल्यात भिंत घालणे किंवा पाइप टाकून भराव करणे यांनाही परवानगी लागते. ‘आत्ता फक्त सपाटीकरण करतोय’ ही सबब कायद्यात बसत नाही. बांधकाम विभाग नाल्याचा प्रश्न ड्रेनेज विभागाकडे अभिप्रायासाठी पाठवतो. तिथला अभियंता जागेवर येऊन वरची आणि खालची मोरी पाहतो. नवी मोरी त्या दोन्हींपेक्षा लहान असेल, तर प्रकरण परत फिरते. फिरले नाही, तर काळजी करावी. नदीकाठच्या जमिनीला पूररेषेचा दाखला जोडावा लागतो. कालव्याला लागून जमीन असेल तर जलसंपदा विभागाची वेगळी ना-हरकत लागते, कारण कालवा आणि त्याकाठची जमीन त्या विभागाची आहे. झाडे तोडायची असतील तर १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो. या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला. ओढ्याकाठचे वड, उंबर, करंज बहुतेकदा याच वयाचे असतात. मुरूम खणून बाहेर न्यायचा असेल तर महसूल खात्याची परवानगी आणि स्वामित्वधन.

साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानायची तरतूद नगररचना कायद्यात आहे. ओढ्याच्या प्रकरणात तिचा आधार फसवा असतो. मानीव परवानगीसुद्धा नियमांशी सुसंगत असावी लागते, आणि निषिद्ध पट्ट्यातले बांधकाम साठ दिवसांनीही निषिद्धच राहते.

कर्वेनगरमधले बहुतेक मालक इथवरच थांबतात. केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखालची पर्यावरण मंजुरी २०,००० चौरस मीटर बांधकामापासून पुढे लागते. दीड लाख चौरस मीटरपर्यंतचे प्रकल्प एका गटात, त्याहून मोठे दुसऱ्यात. अर्ज परिवेश संकेतस्थळावर करायचा असतो. तो राज्यस्तरीय तज्ज्ञ मूल्यांकन समितीसमोर तपासला जातो आणि मंजुरी राज्यस्तरीय पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण देते. इमारत प्रकल्पांना जनसुनावणी लागत नाही, त्यामुळे खालच्या अंगाला राहणाऱ्यांना अर्जाचा पत्ता बऱ्याचदा काम सुरू झाल्यावर लागतो. अर्जाच्या १ अ नमुन्यात मात्र त्यांच्या उपयोगाचा प्रश्न आहे: प्रस्तावामुळे नैसर्गिक जलनिस्सारणात बदल होणार का? उत्तर समपातळी नकाशासह द्यायचे असते. तिथे ‘नाही’ लिहिलेले असेल आणि नकाशात ओढ्यावर इमारत उभी असेल, तर पुढे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात पहिला कागद तोच उघडला जातो. मंजुरीच्या जोडीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना संमतीही घ्यावी लागते.

वीस हजारांच्या हिशेबात फसगत होते ती ‘बांधकाम क्षेत्र’ या शब्दाने. महापालिकेच्या चटईक्षेत्रात तळघर, वाहनतळ, जिने यांचा मोठा भाग धरला जात नाही. पर्यावरण मंजुरीसाठी तो सगळा धरला जातो, आणि २०११ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट लिहिले. नदीपलीकडच्या वडगाव बुद्रुकमधल्या एका गृहप्रकल्पाला मंजुरी सुमारे ५७,६५८ चौरस मीटरची होती. प्रत्यक्षात बांधकाम लाखाच्या पुढे गेले. विकासकाचा युक्तिवाद या व्याख्येभोवतीच होता. सर्वोच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१८ रोजी तो फेटाळला आणि १०० कोटी रुपये किंवा प्रकल्प खर्चाच्या १० टक्के, यांत जे जास्त तेवढी भरपाई लावली. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यांनी आकडे तपासायला हवे होते, असेही सुनावले.

ओढ्याच्या आणि नदीच्या तक्रारी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे जातात. त्याचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे. पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील तीस दिवसांत करायचे असते आणि सबळ कारण दिले तर आणखी साठ दिवस मिळतात. इतर पर्यावरणीय वादांसाठी मुदत सहा महिन्यांची, तीही साठ दिवसांनी वाढवता येते. नगररचना कायदा न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत नाही. म्हणून नुसते ‘बांधकाम बेकायदा आहे’ म्हणून चालत नाही, पाणी कायदा किंवा पर्यावरण संरक्षण कायदा मोडला गेल्याचे दाखवावे लागते. कर्वेनगरच्या समोर, विठ्ठलवाडीपासून महामार्गाकडे जाणारा रस्ता महापालिकेने मुठेच्या निळ्या रेषेच्या आत काढायला घेतला होता. नागरिक न्यायाधिकरणाकडे गेले आणि २०१३ मध्ये महापालिकेला मार्ग बदलायला आणि भराव काढायला सांगण्यात आले. परवानगी देणारी संस्थाच नियम मोडणारी निघाल्याने हे प्रकरण पुण्यात अजून दाखल्यासाठी निघते.

न्यायाधिकरणाच्या अधिकाराला हद्दही आहे. बेंगळुरूत २०१६ मध्ये त्याने तलाव आणि राजकालुवे, म्हणजे तिथले मुख्य नाले, यांभोवती मोकळ्या पट्ट्याची अंतरे स्वतःच वाढवून दिली. तलावाला ७५ मीटर, मुख्य नाल्याला ५० मीटर. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये ती रद्द केली, कारण विकास आराखड्यातली अंतरे बदलणे हे न्यायाधिकरणाचे काम नव्हे. पुण्यातल्या मालकासाठी याचा अर्थ इतकाच की अंतराचा शेवटचा आकडा राज्याच्या नियमावलीतच शोधायचा.

परवानगी मिळाली म्हणून काम पावसाळ्यात काढू नये. ओढ्यातली खोदाई आणि काँक्रीट दिवाळीनंतर सुरू करून मेअखेर संपवणे हा पुण्याच्या हवामानाचा नियम आहे, कोणी लिहून दिलेला नसला तरी. परवानगी एका वर्षाची असते आणि वर्षावर्षाने एकूण चार वर्षांपर्यंत वाढवून घेता येते. एक हंगाम हुकला तरी ती संपत नाही. राडारोडा काठावर रचायचा नाही. बांधकाम राडारोड्याचे नियम २०१६ पासून लागू आहेत आणि पाणी कायद्याच्या कलम २४ खाली प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण वाढेल असे काही टाकायला मनाई आहे. जोते तपासणीच्या वेळी मोरीची आणि भिंतीची मापे मंजूर नकाशाशी ताडून घ्यावीत. त्यानंतर चूक निघाली तर इमारत उभी असते आणि दुरुस्ती नाल्याच्याच वाट्याला येते. पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडाला पाऊसपाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय दाखवल्याखेरीज भोगवटा पत्र मिळत नाही. तिचे शोषखड्डे ओढ्याच्या भिंतीला खेटून खणू नयेत, नाहीतर भिंतीमागे पाणी साचून ती पुढे झुकते.

एप्रिल-मेमध्ये महापालिका नालेसफाई काढते. जेसीबी काठाने चालवत आणावा लागतो आणि काढलेला गाळ भरायला डंपर उभा राहावा लागतो. काठाची तेवढी पट्टी भिंतीने, बागेने किंवा वाहनतळाने अडवली असेल, तर यंत्र वरच्या पुलापाशी थांबते, आणि त्या सोसायटीपुढचा नाला जूनपर्यंत तसाच भरलेला राहतो.